मेन्ना अठरा

“परकी असती तर गोष्ट वेगळी होती. आपल्या इद्वलची पोरगी ती. तिला नाही म्हणालीस, तेही सगळ्या दुकानासमोर.”

“परकी असती तरी नाहीच म्हणाले असते,” मेन्ना म्हणाली. ती बटाटे सोलत होती. एरवी तिच्या हाताखाली सालीचे तुकडे पडत. रागात असली की साल अखंड निघायची. आज परातीत सालींची वेटोळी साचली होती.

“तेच तर म्हणतोय मी,” तिचा नवरा ग्विलिम म्हणाला. “परकी आणि आपली, दोन्ही सारख्याच?”

“लायटरच्या गॅसला सारख्याच.”

ग्विलिमने भावाकडे बघितलं. इद्वल मागच्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तरी येत नव्हता आणि जातही नव्हता. दुकानातून आलं की दोन पावलांत स्वयंपाकघर. पण दुकानात पाय ठेवायचा नाही म्हणून तो मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे ओलांडत आला होता. बुटाला कोबीचं पान चिकटलं होतं.

“मी पाठवलं होतं तिला,” इद्वल म्हणाला. “पोरगी स्वतःच्या मनाने नाही आली. माझं काम घेऊन आली. आमच्या घरातून या दुकानात पोरं कामाला धाडतात ती काय आजपासून? शाळेत जायच्या आधीपासून मी आईच्या गल्ल्यावरून बापाच्या सिगारेटी नेल्यात.”

“तेव्हा गल्ल्यावर मी नव्हते.”

“नव्हतीस ना. तेव्हा गल्ल्यावर माणूस असायचं.”

“इद्वल,” ग्विलिम म्हणाला.

“काय इद्वल? तूच सांग.”

ग्विलिमला कोणाच्याच बाजूने सांगायचं नव्हतं. त्याने तिसरी वाट काढली. “आणि मेन्ना, अठराचंच म्हणत असशील तर झाली ना ती अठराची. चॅपलचं छप्पर उडालं त्या सालची ती. ताडपत्रीखाली बाप्तिस्मा झाला तिचा. पाणी गळत होतं, बादली मी धरली होती.”

“बादली धरलीस ती तिच्या थोरल्या भावाच्या, ओसियनच्या वेळी. हेलवेनच्या वेळी छप्पर नवं झालं होतं. रंगाचा वास मारत होता आणि तुझी आई सगळा वेळ शिंकत होती.”

“शिंकत होते,” जिन्याच्या वरून आवाज आला.

तिघांनीही वर बघितलं. मामगी, म्हणजे ग्विलिम आणि इद्वलची आई, वरच्या पुढच्या खोलीत असते. तिला ऐकू येत नाही असं घरात सगळे धरून चालतात.

“नाताळाच्या आधी होईल अठराची,” इद्वल पुटपुटला. बाप होता, मुलीचं वय खोटं सांगणं त्याला जमलं नाही.

“मग नाताळाच्या आधी मिळेल गॅस.”

इद्वलने बुटाचं पान दाराच्या कडेला घासून काढलं. “रविवारी आईचं ऐंशीवं. चॅपल सुटलं की सगळे आमच्याकडे. ग्विल, तू आईला घेऊन ये. हिला यायचं असेल तर आधी हेलवेनला येऊन सांगावं, चुकलं म्हणून. नाहीतर येऊ नये. आमच्या डेलिथचंही हेच म्हणणं आहे.”

तो गेला. ग्विलिम बराच वेळ उघड्या दाराकडे बघत राहिला.

“चुकलं म्हण आणि मोकळी हो,” तो शेवटी म्हणाला. “शब्दाला काय पैसे पडतात?”

मेन्नाने बटाटे पातेल्यात टाकले. “मीठ आण,” ती म्हणाली.

आमचं खोरं वेल्सच्या दक्षिणेला. दोन डोंगर, मध्ये नदी, आणि नदीच्या कडेने एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळी. आमच्या ओळीच्या टोकाला, बस थांबते तिथे प्रोसरांचं दुकान. पेपर, पाव, दूध, उंदराचे सापळे, मेणबत्त्या, चुलीसाठी कोळसा. खाण बंद पडून आता पिढी उलटली, तरी डोंगरावरची काही घरं अजून कोळसाच जाळतात. इथे माणसाचं आडनाव कोणी घेत नाही. सगळे प्रोसर, सगळे जोन्स. कोणाला हाक मारायची? म्हणून धंद्यावरून नाव पडतं. दुकानदार तो ग्विलिम पेपर. इद्वलने उमेदीची सगळी वर्षं बस चालवली, तो इद्वल बस. एकदा नाव चिकटलं की थडग्यावर सोडून सगळीकडे तेच. लग्न होऊन आल्यापासून मेन्ना ही मेन्ना पेपरच होती. मंगळवारी हेलवेनला तिने गॅसचा डबा नाकारला. बुधवारी दुपारपर्यंत ती मेन्ना अठरा झाली होती.

झालं होतं ते असं. हेलवेन शाळेत कशात पास झाली नाही. कागद समोर आला की तिचे हात गार पडत. मग गेल्या वर्षी ती खाली गावातल्या कॉलेजात स्वयंपाक शिकायला जायला लागली, आणि हीच का ती मुलगी असं वाटावं इतकी बदलली. इस्टरला तिने मेन्नासाठी कांद्याचा पाई करून आणला होता. त्याच्या कडेला घातलेली पिठाची वेणी इतकी सारखी होती की मेन्नाने सुरी लावायच्या आधी ग्विलिमला बोलावून ती दाखवली. मामगीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हेलवेन जळक्या साखरेचं कस्टर्ड करणार होती. वाटीत गार कस्टर्ड, वर साखरेचा थर, आणि त्याच्यावरून गॅसच्या छोट्या टॉर्चची निळी ज्योत फिरवायची की साखर काचेसारखी होते. भट्टीत घातलं तर साखर तशी होते, पण खालचं कस्टर्ड पातळ होतं. हे तिने आठवडाभर आधीच सगळ्यांना समजावून ठेवलं होतं. टॉर्च तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती. त्यात भरायचा तो लायटरचाच गॅस, पिवळ्या डब्यातला. तो मेन्नाच्या गल्ल्यामागे वरच्या फळीवर असतो, आणि त्या फळीखाली चिकटपट्टीने लावलेला कागद आहे: लायटरचा गॅस अठरा वर्षांखालील कोणासही देण्यास मनाई आहे.

विकण्यास नाही, देण्यास. बुधवारी ग्विलिम म्हणालाच होता, “मग विकू नकोस. भेट दे.” मेन्नाने त्या कागदावर बोट ठेवून त्याला तो शब्द वाचायला लावला होता.

मेन्नाचे वडील खाणीच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत होते. वरच्या गावातली ती खाण. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा आणि खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाय ठेवण्याआधी त्याची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. खाली हवेतच गॅस असे. कोणाच्या खिशात चुकून राहिलेली एक काडी सगळी पाळी घेऊन जाऊ शकायची. म्हणून काड्या, लायटर, पाइप, तंबाखूची डबी, सगळं वर ठेवायचं. मेन्नाच्या वडिलांच्या खोलीत त्यासाठी एक फळी होती. त्यावर डब्या ओळीने मांडलेल्या असत आणि पाळी सुटली की ज्याची त्याला परत मिळत. कोणती कोणाची हे त्यांना विचारावं लागत नसे.

लहानपणी मेन्नाने एकदा विचारलं होतं, एमलिनकाकाची पण झडती घेता का? एमलिन त्यांचा सख्खा भाऊ, घरी येऊन त्यांच्याच खुर्चीत बसणारा. वडील म्हणाले, “एमलिनची आधी.” आणि चहा पिऊ लागले. पुढे काही सांगितलं नाही. त्यांच्या घरात समजावून सांगायची पद्धत नव्हती.

मेन्ना काही वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. मग ग्विलिमशी लग्न झालं आणि ती दुकानात आली. गल्ला तेव्हा मामगीच्या हातात होता. मामगीने तिला हिशोब शिकवला नाही, तो तिला येतच होता. शिकवलं ते एवढंच की कोण काय नेतं, कोण रांगेत कोणाच्या मागे उभं होतं, कोणाचे डोळे सुजलेले होते, हे दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. नवऱ्याच्या कानापर्यंतही नाही. “तो पेपर वाटत फिरतो,” मामगी म्हणाली होती. “त्याच्या तोंडातून काय काय वाटलं जाईल सांगता येत नाही.”

म्हणून मंगळवारी रांगेत हेलवेनच्या मागे नेस्ता उभी होती, हे मेन्नाने ग्विलिमला सांगितलं नाही.

नेस्ताचा मुलगा रोद्री गेला त्याला बरीच वर्षं झाली. चौदा-पंधराचा असेल. नदीवरच्या जुन्या पुलाखाली सापडला, हातात पिवळा डबा. हुंगला होता. काळीज थांबलं. डॉक्टर म्हणाले की हे कितव्याही वेळी होऊ शकतं, अगदी पहिल्याही वेळी. आणि रोद्रीची ती पहिलीच असावी असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, नेस्तासाठी. डबा इथला नव्हता. खाली गावातल्या कुठल्या तरी दुकानातला होता. ते दुकानही आता नाही. पण प्रोसरांच्या दुकानात तेच डबे त्याच फळीवर होते, आणि नेस्ता दुसऱ्या आठवड्यापासून पाव न्यायला तिथेच यायला लागली. रोज सकाळी, एक कापलेला पाव. फळी तिच्या नजरेसमोरच येते. मेन्नाने एकदा फळी हलवायचं मनात आणलं होतं. मग हलवलेली दिसेल, म्हणून राहू दिली. एक मात्र तिने बंद केलं. सगळ्या गिऱ्हाइकांना ती विचारते, “आणखी काही?” नेस्ताला विचारत नाही. त्या दुकानातल्या मुलीने रोद्रीला डबा देताना तेवढंच विचारलं होतं, असं नेस्ताने एकदा सांगितलं होतं.

तर मंगळवारी सकाळी, बसच्या आधी, दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. हेलवेन खांद्यावर पिशवी घेऊन गल्ल्याशी आली. पिशवीतून कॉलेजच्या एप्रनचा बंद लोंबत होता.

“आंटी मेन्ना, लायटरच्या गॅसचा एक डबा. डॅडनी सांगितलंय.”

तिच्या मागे नेस्ता. हातात पाव. मेन्नाला दिसलं की नेस्ताची बोटं पावात रुतत चालली आहेत, वेष्टणासकट.

“अठरा झाल्याशिवाय नाही,” मेन्ना म्हणाली. तिला वाटला त्यापेक्षा तिचा आवाज फार मोठा आला.

हेलवेनला थट्टाच वाटली. ती हसली. “कस्टर्डसाठी आहे. मामगीच्या.”

“कशासाठीही असो. नाही म्हणजे नाही.”

रांगेच्या शेवटी कोणी तरी म्हणालं, “सांभाळून रे, उद्या पेपर घ्यायला जन्माचा दाखला लागेल,” आणि दोन-तीन जण हसले. हेलवेनचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. ओळीतल्या कोणाच्याही मुलीला इथे कधी वय विचारलं गेलं नव्हतं. सगळ्यांना सगळ्यांची वयं माहीत. ज्याला विचारलं त्याच्यावर काही तरी संशय आहे, असाच त्याचा अर्थ. आणि गॅसच्या डब्याबद्दलचा संशय म्हणजे काय, हे रोद्रीनंतर कोणाला सांगायला नको होतं. हेलवेन बाहेर गेली. बस आली तेव्हा ती थांब्यावर नव्हती.

त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी इद्वल बोळातून भांडायला आला तेव्हा टॉर्च ड्रॉवरमध्ये गेली होती आणि हेलवेनने आईला सांगून टाकलं होतं की वाढदिवसाला डब्यातले पीच उघडा. डेलिथ म्हणाली, मी गावातून आणते गॅस. तर म्हणे नको, लोक म्हणतील आईकरवी मागवला. सोमवारपासून कॉलेजही नको. तिथे काय, सगळी बस ओळखीचीच.

हे मेन्नाला कळलं ते ग्विलिमकडून, जेवताना. त्याने ते सांगितलं आणि बायकोकडे न बघता मटार काट्यावर गोळा करत राहिला. मेन्नाला बाकी सगळं सोसत होतं. इद्वलचं बोलणं, नवं नाव, रविवारी एकटीने घरी बसणं. कॉलेजचं ऐकल्यावर मात्र तिचा घास तोंडातच राहिला.

ती मामगीचं ताट घेऊन वर गेली. मामगी खिडकीशी बसली होती. खालचा बस थांबा, दुकानाचं दार आणि इद्वलच्या घराची चिमणी, एवढं सगळं तिला त्या खुर्चीतून दिसतं.

“भांडण अर्धंच ऐकू आलं,” मामगी म्हणाली. “ओरडून भांडत जा.”

“काही नाही. गॅसचं.”

“ते माहीत आहे. नेस्ता होती ना मागे?”

मेन्नाने ताट मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि काटा तिच्या हाताशी सरकवला.

“बरोबर. बोलू नकोस,” मामगी म्हणाली. “मी इथून बघितलं तिला आत जाताना. नंतर हेलवेन बाहेर आली ती रडत.” तिने बटाटा काट्याने दाबला. “तुझा बाप माझ्या ट्रेफरची झडती घ्यायचा. माहीत आहे?”

“सगळ्यांचीच घ्यायचे.”

“आमच्या लग्नानंतरची पहिली पाळी. ट्रेफरच्या खिशात रुमालात बांधलेला लग्नाचा केक. मी दिलेला. तुझ्या बापाने रुमाल सोडला, वास घेतला, पुन्हा बांधला. म्हणाला, केक पेटत नाही, जा. सगळी पाळी मागे उभी. ट्रेफर घरी आला तो हसत.”

“राग नाही आला त्यांना?”

“कशाचा? त्याच्यामागे पाद्री असता तर त्याचाही रुमाल सोडला असता. रविवारी चॅपलमध्ये दोघं एकाच बाकावर.” मामगीने खाल्लं, थांबली. “पण तुझा बाप हळू बोलायचा. खिशात हात घालायचा आणि कानाशी बोलायचा. कोणाच्या खिशात काय निघालं ते शेजारच्याला कळायचं नाही. तू दुकानभर ओरडलीस.”

“ओरडले,” मेन्ना म्हणाली.

“बटाट्यात मीठ नाही.”

“ग्विलिमला आणायला सांगितलं होतं.”

“मग कुठून असणार.”

शुक्रवारी नेस्ता नेहमीपेक्षा लवकर आली. पेपरचे गठ्ठे अजून सोडायचे होते. मेन्नाने पाव काढून गल्ल्यावर ठेवला. नेस्ताने तो उचलला नाही.

“मेन्ना, गॅसचा एक डबा दे.”

मेन्नाचा हात गल्ल्यावरच थांबला.

“मी अठराच्या वरची आहे,” नेस्ता म्हणाली. “दाखला हवा तर घरी आहे.”

“कशाला हवाय तुला?”

“तुला माहीत आहे. त्या मुलीला नेऊन देते. माझ्यामुळे झालं. मी नसते रांगेत तर दिला असतास.”

मेन्नाने पेपरच्या गठ्ठ्याची दोरी कापली. मग दुसऱ्याची. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता. “तू कार्डिफला असतीस तरी नाही म्हणाले असते” असं म्हणता आलं असतं, आणि नेस्ताने ते मानलंही असतं. मंगळवारपासून मेन्ना ते स्वतःला सांगतच होती. हेलवेनला तिने जन्मल्यापासून पाहिलं होतं. कस्टर्डचं तिला आठवडाभर आधीपासून माहीत होतं. दुकान रिकामं असतं, मुलीने हसून मागितलं असतं, तर?

“माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही, नेस्ता. कदाचित दिला असता.”

नेस्ताने मान हलवली. ती रागावली नाही की दुखावलीही नाही. एखादी गोष्ट तिने फार पूर्वीच धरून ठेवली असावी आणि आता कोणी ती तोंडाने म्हणालं, इतकंच.

“मग मी रोज येत जाते ते बरं आहे,” ती म्हणाली.

बाहेर दुधाची गाडी लागली.

“डबा नाही देत मी तुला,” मेन्ना म्हणाली. “तू तो तिच्या हातात देणार. ते मला माहीत असताना तुला देणं म्हणजे तिलाच देणं.”

“मग तिने काय करायचं? पीच उघडायचे?”

“बघते.”

“ती टॉर्च,” नेस्ता पाव उचलत म्हणाली, “एकटीने पेटवायची असते का?”

“नाही. कॉलेजात तिच्या मॅडम शेजारी उभ्या राहतात.”

“मग ठीक आहे,” नेस्ता म्हणाली आणि दाराकडे वळली. मग थांबली. “तू मला कधी विचारत नाहीस, आणखी काही हवं का म्हणून.”

“नाही विचारत.”

“मला कळलं होतं,” नेस्ता म्हणाली आणि गेली.

शनिवारी मामगीने फर्मान काढलं की आज संध्याकाळी सगळ्यांनी तिच्या घरी जेवायचं. उद्या ऐंशी पूर्ण होणार, आज ती अजून एकोणऐंशीची होती आणि एकोणऐंशीच्या बाईचं ऐकायचं असतं, असं तिचं म्हणणं. इद्वल आला तो पुन्हा बोळातूनच. डेलिथ त्याच्यामागे, ओठ मिटून. हेलवेन टेबलाशी न बसता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, कानात वायरी घालून. गाणं लावलेलं नव्हतं. तिचा फोन तर टेबलावरच पडला होता.

मामगीला खाली आणून चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. जेवायला मटणाचा रस्सा आणि पाव. बराच वेळ चमच्यांचे आवाज होत राहिले. ग्विलिम हवेबद्दल बोलला. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तो पावसाबद्दल बोलला.

“आमच्या वेळी,” मामगी म्हणाली, “कोळशाचं फावडं चुलीत लाल करायचे आणि साखरेवर धरायचे. त्यालाही जळकं कस्टर्डच म्हणत.”

“फावडं चालेल हो मेन्नाला,” इद्वल म्हणाला. “फावड्याला वयाची अट नसेल.”

“कोळशाला असेल,” डेलिथ म्हणाली.

ग्विलिमला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. जिन्यावर हेलवेनने पाय जवळ ओढून घेतले.

मेन्ना दुकान बंद करून आली. तिने हात धुतले, पुसले आणि रुमाल खुंटीला टांगला. ती बसली नाही. टेबलाच्या टोकाशी, जिथून जिनाही दिसतो, तिथे उभी राहिली.

“हेलवेन, वायरी काढ. बंदच आहेत, पण काढ.”

हेलवेनने काढल्या.

“मंगळवारी मी सगळ्यांसमोर मोठ्यांदा बोलले. ते चुकलं. नाही म्हणाले ते चुकलं नाही, आणि उद्या पुन्हा मागितलास तरी नाहीच म्हणेन. पण जवळ येऊन, हळू.”

मेन्नाचा आवाज नेहमीचाच होता. पावाचा ट्रक उशिरा येईल हे सांगताना असतो तसा.

“उद्या दुकान चॅपलच्या आधी बंद होईल आणि दिवसभर उघडणार नाही.”

“रविवारचे पेपर?” ग्विलिम म्हणाला.

“ज्यांना हवेत ते लवकर येतील. नाही आले तर सोमवारी वाचतील.” ती पुन्हा हेलवेनकडे वळली. “चॅपलहून मी तुमच्याकडे येणार. डबा माझ्या पिशवीत असेल, पैसे मी गल्ल्यात भरलेत. टॉर्च मी भरणार, मागच्या अंगणात, आणि डबा परत पिशवीत जाईल. साखर तू जाळायचीस. वाट्या संपेपर्यंत मी तुझ्या शेजारी उभी राहणार. मग टॉर्च माझ्याबरोबर येईल आणि इथे वरच्या फळीवर राहील. तू अठराची होशील त्या दिवशी दुकानात ये आणि घेऊन जा. तोवर परत हवी असेल तर मला बोलव, मी घेऊन येईन.”

“मी म्हणालो होतो,” इद्वलने चमचा खाली ठेवला, “की हिला यायचं असेल तर आधी—”

“आधीचं मी आत्ता सांगितलं,” मेन्ना म्हणाली. “जेवढं चुकलं तेवढं.”

इद्वलने आईकडे बघितलं. मामगी पाव रश्श्यात बुडवून मऊ करत होती, आणि त्यातून मान वर काढायचा तिचा विचार दिसत नव्हता.

“किती वाट्या करायच्या?” हेलवेनने जिन्यावरून विचारलं. कोणाला विचारलं हे कळलं नाही.

“एक जास्त कर,” मेन्ना म्हणाली. “मी नेस्ताला यायला सांगितलंय. आणि सोमवारी तू नेहमीच्या बसने कॉलेजला जाणार. बस सुटेपर्यंत मी दुकानाच्या दारात उभी असेन.”